मुलीच्या नर्सिंग कॉलेजची सहल लडाखला चालली आहे. तिथं जाऊन नर्सिंगचं काय शिकणार? पाठवावं का?

काका, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, खर्च बराच, आणि तुमचं म्हणणं असं की पेशंट तर इथं सीपीआर या सरकारी दवाखान्यात रोज रांगा लावून येतात, मग बर्फात जाऊन ती वेगळं काय बघणार? माझ्या वडिलांनीही अगदी हेच विचारलं होतं.

आम्ही २०२२ च्या सप्टेंबरात गेलो होतो. आमचं घर करवीर तालुक्यात, दोन म्हशी आणि दीड एकर ऊस. उसाचं बिल यायला अवकाश होता, म्हणून वडिलांनी दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून थोडे थोडे बाजूला काढून माझे पैसे भरले. आज मी स्टाफ नर्स आहे आणि तुम्हाला सांगते, पाठवा. पण कॉलेजला एक गोष्ट नीट विचारून मगच पाठवा. ती आधी सांगते, कारण ती जिवाशी आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, आणि लेह ३,५०० मीटरवर. आम्ही निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्लीला गेलो आणि तिथून विमानानं. दिल्लीचं विमान सव्वा-दीड तासात लेहला उतरवतं. एवढ्या वेळात शरीराला काही उमजत नाही. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच आपल्या दोन तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागतो तो कमी. माझ्या पिशवीतलं भडंगाचं पाकीट टम्म फुगलं होतं. मॅडमनी तेच हातात धरून आम्हाला हवेचा दाब शिकवला.

सहल आखणाऱ्या एजंटानं पहिल्याच दुपारी फिरणं ठेवलं होतं. शांती स्तूपाच्या पायऱ्या आम्ही उत्साहात चढलो. संध्याकाळी माझ्या मैत्रिणीचं डोकं दुखायला लागलं, मग उलटी. ती म्हणाली, प्रवासाचा थकवा आहे, झोपते. रात्री बाथरूमला उठली तेव्हा भिंत धरून, झोकांड्या खात चालत होती. मॅडमनी तिला जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवरून टाच आणि बोटं जुळवून चालायला लावलं. तिला चार पावलंही जमली नाहीत. डोकेदुखी आणि उलटी इथपर्यंत ते उंचीचं साधं आजारपण असतं, विश्रांतीनं उतरतं. तोल गेला की मेंदूला सूज येत असल्याची खूण. मॅडमनी सकाळची वाट बघितली नाही. त्याच रात्री तिला सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटलला नेलं. हे लेहचं मोठं सरकारी हॉस्पिटल, सगळे एसएनएम म्हणतात. ऑक्सिजन, सूज उतरवणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं एका मॅडमसोबत दिल्लीला खाली. या दुखण्यावर खरा उपाय खाली उतरणं हाच. ती पूर्ण बरी झाली, पण तिची सहल तिथंच संपली, आणि ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून काका, कॉलेजला विचारा की विमानानं नेणार असाल तर पहिले दोन दिवस मुलींना पूर्ण विश्रांती आहे का. खोलीत पडून राहायचं, पाणी प्यायचं, बाजारात हळू चालायचं, बस. खर्दुंग ला ही आणखी उंचावरची खिंड वगैरे नंतर. ‘वेळ कमी आहे, ॲडजस्ट करू’ असं उत्तर आलं तर बाकीच्या पालकांना सोबत घेऊन बोला. मुलीचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, इथंच तपासून घ्या. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. त्या गोळीनं बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. हे माहीत नसलं की मुली घाबरतात.

आता शिकण्याचं. आमच्या पुस्तकांतले आकडे आम्ही पाठ केले होते ते जणू देवानं दिलेले असल्यासारखे. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९५ च्या वर, पाणी १०० अंशाला उकळतं, गरोदर बाईचं एचबी ११ असलं की ठीक. लेहला हे सगळे आकडे हलले. माझं स्वतःचं सॅच्युरेशन पहिल्या संध्याकाळी ८७ होतं आणि मी चालत-बोलत होते. कोल्हापुरात हा आकडा दिसला असता तर मी धावत सिलिंडर आणला असता. तिथल्या सिस्टर आकडा बघायच्याच, पण आधी माणूस बघायच्या. ओठांचा रंग काय, बसल्या जागी धाप आहे का, एक वाक्य सलग बोलता येतं का.

एचबीचं तर मला अजून नवल वाटतं. उंचीवर शरीर जास्त रक्तपेशी बनवतं, त्यामुळे तिथं एचबी मोजलं की त्यातून उंचीचा वाटा वजा करायचा असतो. लेहच्या उंचीला तो दोन ग्रॅमहून जास्त निघतो. म्हणजे ११.५ एचबी असलेली गरोदर बाई आपल्याकडे पास, आणि तिथं तीच बाई ॲनिमियाची पेशंट. आकडा चांगला दिसतो म्हणून तिच्या लोहाच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष झालं तर नुकसान तिचं आणि बाळाचं.

पाणी तिथं ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. भात कुकरशिवाय शिजत नाही हे सगळे सांगतात, पण आमच्या कामाचं निराळं होतं. नुसतं उकळून काढलेल्या उपकरणांवर आपल्या इथल्याइतका भरवसा टाकता येत नाही, आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबानं उपकरणं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, काट्यानं १५ पौंड दाखवले तरी आतलं तापमान १२१ अंशांपर्यंत पोचलेलं नसतं, दाब आणखी वाढवावा लागतो. तीन वर्षं मी ऑटोक्लेव्ह लावत होते, पण काटा आणि तापमान यांचं नातं मला तिथं समजलं.

सगळ्यात जास्त मला दिलं ते सिंधूकाठच्या एका छोट्या गावातल्या उपकेंद्रानं. एक खोली, एक बुखारी म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, आणि तिथल्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स दीदी. ‘जुले’ म्हणून त्यांनी आम्हाला आत घेतलं. आम्ही त्यांना विचारलं की लस गरम होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लसीची पेटी घेऊन गावात जायचं म्हणजे बर्फ वितळायची धास्ती असते ना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हमें तो ठंड से बचाना पड़ता है. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची हे आम्हाला पाठ होतं, पण त्यातल्या ‘दोन’कडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. हिवाळ्यात तिथं पारा शून्याच्या बराच खाली जातो. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, धनुर्वाताची लस गोठली की वाया जाते. आणि बाटलीवरचा तो चौकोन, जो उष्णतेनं काळा पडत जातो, तो गोठल्याचं काहीच सांगत नाही. वरून लस चांगली, आतून निकामी. दीदींनी आम्हाला हलवून बघायची परीक्षा करून दाखवली. मुद्दाम गोठवून पुन्हा वितळवलेली एक बाटली आणि एक चांगली, दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवल्या. गोठलेल्या बाटलीत गाळ भराभर खाली बसला. ही परीक्षा आमच्या पुस्तकात होती, दोन ओळींत. परत आल्यावर मी आमच्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या बाटल्या बघितल्या आणि त्याच दिवशी त्या हलवायला लावल्या. गोठायला लडाखच लागतं असं नाही.

त्यांच्या वहीत आणखी एक गोष्ट होती. गरोदर बायकांच्या तारखांची यादी, आणि शेजारी कुणाची तारीख रस्ते बंद असतानाची आहे त्याची खूण. हिवाळ्यात खिंडी बर्फानं बंद होतात, म्हणून आतल्या गावांतल्या बायकांना आधीच लेहला नातेवाइकांकडे आणून ठेवायचा प्रयत्न असतो, असं त्या म्हणाल्या. मला २०१९ चा आपला महापूर आठवला, शिरोळकडची गावं पाण्यानं वेढलेली आणि माणसं बोटीनं बाहेर निघालेली. ती वही बघताना वाटलं, जूनच्या आधी अशी यादी नदीकाठच्या प्रत्येक उपकेंद्रात भिंतीला लागायला हवी.

‘आमचीं’च्या दवाखान्यातही गेलो. ‘आमची’ म्हणजे सोवा-रिग्पा या तिबेटी परंपरेतल्या उपचारपद्धतीचे वैद्य. २०१० पासून या पद्धतीला सरकारी मान्यता आहे. तिथं फार वेळ मिळाला नाही. एसएनएमच्या छातीच्या ओपीडीत मात्र एका शेतकरी आजींशी बोलले. वसंतातल्या धुळीच्या वादळांमुळे कधी खाणीत न उतरलेल्या माणसांनाही तिथं सिलिकोसिस, म्हणजे बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार होतो, आणि घरातला चुलीचा धूर फुप्फुसांना आणखी त्रास देतो. आजींचा खोकला ऐकताना मला आमच्या गल्लीतल्या चुलीपुढच्या बायका डोळ्यांसमोर येत होत्या.

गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात चंदगडकडचा एक जवान तापानं ॲडमिट झाला. सुट्टीवर येऊन चारच दिवस झाले होते. एचबी १८ च्या वर. नवीन सिस्टर म्हणाली, सॅम्पल चुकलं असेल, परत काढूया. मी त्याला विचारलं, भाऊ, पोस्टिंग कुठं? तो म्हणाला, लेहच्या पुढं. हे उंचीमुळे असेल, असं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि फाइलवर तसं लिहिलं.

काका, तिला स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर घेऊन द्या, कानटोपी आणि लोकरीचे मोजे दोन जोड द्या. सप्टेंबरातही रात्री बोटं गारठतात. भडंग, चटणी खुशाल बांधून द्या, आम्ही तिथल्या दीदींनाही दिली होती आणि त्यांना ती फार आवडली. आणि तिला सांगा, डोकं दुखलं तर लाजू नकोस, पहिल्या तासातच मॅडमना सांग.