तळपाय जळतात, म्हणजे एचआयव्ही?

प्रश्न : माझं वय ३८. तीन महिन्यांपासून रात्री दोन्ही तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात. पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. चौदा महिन्यांपूर्वी एकदा कंडोम न वापरता माझा बाहेर संबंध आला होता. नसांचं दुखणं हे एचआयव्हीचं पहिलं लक्षण असतं, असं वाचलं आणि झोपच उडाली. पत्नीला काही बोललेलो नाही. स्वतःच ‘नसांच्या गोळ्या’ आणून घेतोय. ही एचआयव्हीची सुरुवात असेल का?

उत्तर : पांघरूण नकोसं होतं, हे वाक्य मी नसांचे पेशंट तपासताना कितीदा ऐकलंय! मधुमेहवाले तेच म्हणतात, बी१२ कमी असलेले तेच, वर्षानुवर्षं दारू घेणारे तेच. एचआयव्ही असलेलेही तेच म्हणतात. नुसत्या आगीवरून कारण ओळखता येत नाही, मलाही नाही.

तुम्ही वाचलंत ते अर्धवट आहे. एचआयव्हीत पायांची अशी आग होते खरी, पण बहुतेकदा उशिरा. उपचारांविना काही वर्षं जाऊन सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) बऱ्याच घटल्यावर. लागण झाल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत येतो तो ताप, घसादुखी, पुरळ, मानेत गाठी. साधा फ्लू म्हणून माणूस ते विसरून जातो, आणि अनेकांना तेवढंही होत नाही. त्या काळात नसांवर परिणाम क्वचितच दिसतो : अर्धा चेहरा वाकडा होतो, किंवा पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत जातो. (असं कोणालाही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.) नागिणीचं मात्र वेगळं. धडधाकट तरुणाच्या अंगावर एकाच बाजूला आगीचा पट्टा उठला, त्यावर पाण्याचे फोड आले, की मी एचआयव्हीची तपासणी सुचवतेच.

तुम्हीही तपासणी करा, पण पायांसाठी नव्हे, त्या एका प्रसंगासाठी. पाय ठणठणीत असते तरी मी हेच सांगितलं असतं. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनंतर भरवशाची असते, नुसत्या अँटीबॉडीची ९० दिवसांनंतर. तुमच्या दोन्ही मुदती केव्हाच उलटल्यात. निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगाची धास्ती तिथेच संपली. पॉझिटिव्ह आली, तर आणखी चाचण्यांनी पक्कं झाल्याशिवाय निदान धरायचं नाही. पक्कं झालं तर उपचार लगेच सुरू करायचे, आणि मग पत्नीचीही तपासणी हवी. रिपोर्ट हाती येईपर्यंत घरातही कंडोम वापरा.

माझी एक चूक सांगते. अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांना मी सहा महिने बी१२ देत बसले. वयस्कर, सोज्वळ माणूस. त्यांना ‘तसलं’ काही विचारायचं कसं? पुढे त्यांना नागीण झाली, तेव्हा कुठे मी एचआयव्हीची चाचणी लिहून दिली. पॉझिटिव्ह आली. ते सहा महिने माझ्या संकोचात गेले. आता कारण सापडत नसेल तर मी समोर कोण बसलंय ते बघत नाही, सरळ विचारते.

याच्या उलट चूक तुम्ही करू नका. एचआयव्ही निगेटिव्ह आला की हुश्श करून गप्प बसाल, पण पाय जळतच राहतील. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२ आणि थायरॉइड, एवढं तरी त्याच रक्तातून बघून घ्या. दारू किती घेता आणि क्षयाची औषधं कधी घेतली होती का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

आणि त्या ‘नसांच्या गोळ्या’! त्यांत बऱ्याचदा बी६ असतं. ते जास्त मात्रेत बरेच दिवस पोटात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात, हेच तळपाय जळायला लागतात. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. त्यावर बी६ किती मिलिग्रॅम लिहिलंय ते त्यांना बघू द्या, आणि गोळ्या कधीपासून घेताय तेही सांगा. तुमच्या पत्रात ते राहून गेलंय.