अणुअपघात, गोड्या पाण्यातील मासळी आणि आपले उजनी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: २०११ मध्ये अपघात झालेल्या जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडले जात आहे, म्हणून सोलापुरात बर्फात येणारी सुरमई आणि बांगडा बंद करून फक्त उजनी धरणाची मासळी आणावी, कारण गोड्या पाण्यातला मासा किरणोत्सर्गापासून सुरक्षित असतो, असा सल्ला आपल्याला नातेवाइकांनी दिला आहे, तो बरोबर आहे का? या कारणासाठी आज दोन्हींपैकी कोणतीही मासळी टाळण्याची गरज नाही. परंतु सल्ल्यामागचा तर्क मात्र नेमका उलटा आहे. अणुअपघातानंतर अधिक प्रमाणात आणि अधिक काळ दूषित राहतो तो तळ्यातला मासा, समुद्रातला नव्हे. मी अनेक वर्षे पर्यावरण रसायनशास्त्र शिकवले आहे आणि हा गैरसमज सुशिक्षित घरांतही वारंवार आढळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अपघातात बाहेर पडणाऱ्या पदार्थांपैकी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, केवळ आठ दिवसांचे असते, त्यामुळे काही महिन्यांत त्याचा प्रश्न संपतो. माशांच्या बाबतीत खरी चिंता सीझियम-१३७ ची असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे आणि रासायनिक दृष्ट्या ते पोटॅशियमसारखे वागते, त्यामुळे माशाचे शरीर ते पोटॅशियमबरोबर स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्याच भागात, साठवते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जवळपास ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. इतक्या गर्दीत सीझियमच्या वाट्याला फार थोडी जागा येते. शिवाय समुद्री मासा सतत खारे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकत राहतो. गोड्या पाण्यातल्या माशाची अडचण याच्या विरुद्ध आहे. त्याच्या भोवतालचे पाणी क्षारांच्या बाबतीत इतके गरीब असते की मिळालेला प्रत्येक क्षार त्याला धरून ठेवावा लागतो, आणि पोटॅशियम धरून ठेवताना तो सीझियमही धरून ठेवतो. त्यातले बहुतेक सीझियम अन्नातून, म्हणजे शेवाळ, सूक्ष्मजीव आणि लहान मासे या साखळीतून येते. म्हणूनच पाण्यात मोजता येणार नाही इतके थोडे सीझियम असले, तरी माशाच्या मांसात ते पाण्याच्या हजारो पट आढळू शकते.

युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राचा अपघात २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. तिथून हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या स्वीडनमध्ये त्या दिवसांत पाऊस पडला आणि ढगांतले सीझियम तळ्यांत उतरले. १९८७ मध्ये तिथल्या सुमारे १४,००० तळ्यांतील माशांमध्ये किलोमागे १,५०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) जास्त सीझियम होते, आणि ही तिथे ठरवलेली मर्यादा होती. त्या तळ्यांचे पाणी अतिशय मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, असून त्यात पोटॅशियम फार कमी असते, हे त्यामागचे मोठे कारण. रशियाच्या ब्र्यान्स्क भागातील कोझानोव्स्कोये तळे चेर्नोबिलपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. भोवती दलदल आणि पाण्याला वाहून जायला फारशी वाट नाही, त्यामुळे दीड दशकानंतरही तिथल्या माशांत किलोमागे हजारो बेकरेल सापडत होते. जपानमध्येही हेच दिसले. २०१२ च्या मार्चमध्ये फुकुशिमा प्रांतातील नीदा नदीत पकडलेल्या यामामे या माशात किलोमागे १८,७०० बेकरेल सीझियम होते, आणि एप्रिल २०१२ पासून तिथली मर्यादा केवळ १०० बेकरेल आहे. पुढील काही वर्षांत त्या किनाऱ्यावरची समुद्री मासळी जवळजवळ सगळीच या मर्यादेच्या आत आली. डोंगरातील नद्या आणि तळ्यांवरचे निर्बंध मात्र रेंगाळले. आता समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, उरलेले असते, आणि ते सीझियमसारखे माशाच्या स्नायूंत साठत नाही.

आता आपल्या घरच्या पाण्याकडे येऊ. भीमेच्या खोऱ्यात एकही अणुवीज केंद्र नाही. सोलापूरला सर्वांत जवळचे म्हणजे कर्नाटकातील कैगा. ते सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे काळी नदीच्या काठी आहे आणि ती नदी अरबी समुद्राला मिळते. तारापूर चारशे किलोमीटरहून थोडे दूर, समुद्रकिनारी आहे. म्हणजे तिथून दूषित पाणी उजनीत येण्याचा मार्गच नाही. आले तर ते फक्त हवेतून, पावसाबरोबर येईल, आणि स्वीडनचे उदाहरण मी त्यासाठीच दिले. तशा वेळीही उजनीची बाजू बरीच भक्कम राहील. दख्खनचे पाणी क्षारयुक्त असते, काळ्या मातीचा बारीक गाळ पाण्यातले सीझियम धरून तळाशी बसवतो, उबदार पाण्यात मासा सीझियम लवकर बाहेर टाकतो, आणि धरणातल्या पाण्याचा मोठा भाग दर पावसाळ्यात बदलतो. अशा वेळी मला अधिक काळजी वाटेल ती सोलापूरजवळच्या हिप्परग्यासारख्या लहान आणि बऱ्याच वर्षी सांडव्यावरून न वाहणाऱ्या तलावाची.

आपण स्वस्तातले किरणोत्सर्गमापक यंत्र घेण्याबद्दलही विचारले आहे. कृपया घेऊ नका. मासळीबाजारात कटला माशावर ते धरले, तर ते केवळ भोवतालच्या नैसर्गिक किरणांचे आकडे दाखवील. खरी तपासणी वेगळी असते: खवले, काटे आणि आतडी काढून फक्त मांस बारीक करतात, ठरावीक मापाच्या भांड्यात दाबून भरतात, ते भांडे शिशाच्या जाड भिंतींच्या आत ठेवतात आणि ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण कित्येक तास मोजत बसतात. ते नेमके सीझियम-१३७ चे असतात. त्यामुळे माशात नैसर्गिकरीत्याच असलेले, किलोमागे शंभरेक बेकरेलचे पोटॅशियम-४० त्यापासून वेगळे काढता येते.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १,००० बेकरेलचा एक किलो मासा प्रौढ माणसाने खाल्ला, तर त्याला सुमारे ०.०१३ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मात्रा मिळते; निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. एखाद्या जेवणाने कोणाचे काही बिघडत नाही. ज्या कोळी कुटुंबाच्या ताटात वर्षभर एकाच तळ्याचा मासा असतो, त्याचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो आणि निर्बंध लावताना सर्वप्रथम त्याच कुटुंबाच्या पोटापाण्याचा विचार व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

स्वयंपाकाबद्दल इतकेच की सीझियम पाण्यात विरघळते, म्हणून मासा उकळून ते पाणी फेकले तर काही भाग निघून जातो. आपल्याकडे मात्र तेच पाणी रस्सा म्हणून वाढले जाते आणि मग काहीच कमी होत नाही. तळल्यानेही ते जात नाही, आणि वाळवल्याने पाणी उडून किलोमागचा आकडा उलट वाढतो. कधी खरोखरच अशी वेळ आली, तर पहिल्या वर्षी शेवाळ आणि सूक्ष्मजीव खाणाऱ्या चिलापी, रोहू, कटला यांच्या आकड्यांवर लक्ष ठेवावे; ते आधी वाढतात आणि आधी उतरू लागतात. मरळ दुसरे मासे खाऊन जगतो, त्यामुळे त्याचा आकडा वर्ष-दीड वर्षाने शिखर गाठू शकतो. चिलापी मर्यादेच्या आत आली म्हणून मरळही विक्रीला खुला करावा, असा निर्णय त्या काळात कोणी घेऊ लागले, तर मरळाची स्वतंत्र तपासणी मागावी.