थर्मोस्टॅट काढू नका, आधी खालचा होज बघा

तुमचा प्रश्न असा: जुनी व्हॅन चढावर तापते, उभी असताना नाही, आणि सपाटीला आली की तापमानाचा काटा खाली येतो. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व) काढून टाकू, फरक पडला नाही तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवू. काढू द्यावा का?

नका काढू देऊ. हेच वाक्य मी पूर्वी ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसलो होतो, म्हणून इतकं लिहितोय.

वडिलांची व्हॅन होती, इंजिन पुढच्या सीटखाली. तक्रार तंतोतंत तुमचीच. ट्रॅफिकमध्ये तासभर उभी करा, काही नाही. चढ लागला की दहा मिनिटांत काटा लालकडे. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढला. दादा शेजारी उभा होता, त्याचं मत ठाम: "अडवणारी वस्तूच काढली की पाणी मोकळं फिरतं." फिरलं की! सकाळी इंजिन लवकर तापेना, पेट्रोल जास्त जायला लागलं, आणि चढावर काटा आधीपेक्षा लवकर वर. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, पण बऱ्याच इंजिनांत उघडता उघडता मागच्या चकतीने तो बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंदही करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघा, सोबत थर्मामीटर धरा. उघडत नसेल तर नवा बसवा. रिकामी जागा हा इलाज नाही.

मग हेड उतरवलं. हेडखालचं जुनं सील, म्हणजे गॅस्केट, मी स्वतः हातात घेऊन पाहिलं. सिलिंडरभोवतीच्या कड्या अखंड, कुठे काळा ओघळ नाही. हेडवर पट्टी ठेवली तर खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) शिरेना, म्हणजे हेड वाकलेलं नव्हतं. तरीही नवं गॅस्केट घातलं, पैसे दिले, आणि पहिल्याच चढाला काटा पुन्हा लालकडे.

त्या संध्याकाळी इंजिन गरम असतानाच भाच्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली वाकलो. वरचा होज, म्हणजे इंजिनकडून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप, दाबून पाहिला होता, चटका बसेल इतका गरम पण मऊ. म्हणजे रेडिएटरचं झाकण प्रेशर धरत नव्हतं. आणि खालचा, रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा, माझ्या डोळ्यांसमोर चपटा होत गेला, पार पट्टीसारखा. भाच्याने पाय काढला की पुन्हा गोल. आतली स्प्रिंग गंजून गेलेली, रबर पिचपिचीत. वेग वाढला की पंप ओढतो, होज मिटतो, पाणीच थांबतं. गॅरेजमध्ये आयडलवर हे कुणालाही दिसणार नाही.

होज आणि झाकण, दोनच वस्तू बदलल्या. थर्मोस्टॅट परत बसवला. तोच चढ, गाडी भरलेली, काटा मध्यावर. दादा आजही म्हणतो गॅस्केटने काम केलं, "बसायला थोडा वेळ लागतो." गॅस्केट फुटलेलं नव्हतं. ते मी पाहिलंय, त्याने नाही.

झाकणाला कुणी किंमत देत नाही, याचा मला राग आहे. 0.9 बारचं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू 100 वरून साधारण 118 अंशांवर नेतं. त्याचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत गेली, शिवाय प्रेशर नसलं की खालचा होज लवकर मिटतो. गाडी थंड झाल्यावर होज आत ओढलेला दिसला तरी झाकणच बघा, त्याचा परतीचा वॉल्व अडकलेला असतो.

तुमची गाडी उभी असताना तापत नाही, म्हणजे पंख्याच्या मागे लागू नका. खालचा होज धड निघाला तर रेडिएटर आतून चोक आहे का बघा. आणि हेडला हात लावू देण्याआधी एवढं करा: थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज टणक होतो का, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का. शिवाय निळ्या द्रवाची टेस्ट असते, पाण्यात एक्झॉस्टचा गॅस असेल तर तो द्रव पिवळा होतो. यातलं काहीच नसेल तर हेड उतरवायला ठाम नकार द्या.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही, हेही सांगतो. काटा लालमध्ये असताना तुम्ही तशीच हाकली असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं, आणि मग तुमचा मेकॅनिक बरोबर. झाकण गरम असताना उघडू नका. पाणी भरल्यावर हीटर पूर्ण चालू ठेवून हवा काढा, व्हॅनचे पाइप लांब असतात, हवा अडकली की गाडी पुन्हा तापते आणि दोष नव्या होजवर येतो.

होज बदललात तर जुना गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा. माझा अजून ठेवलेला आहे. अंगठ्याने दाबला की तसाच चपटा होतो. दादाने तो अजून हातात घेतलेला नाही.