मुंबईत साडेचार लाखांत एडिटिंगसाठी पीसी असेंबल करायचाय, दुकानदाराचं हे कोटेशन बरोबर आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, सोनीचे दोन कॅमेरे आहेत, काम रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर, अधूनमधून थ्रीडीसाठी ब्लेंडर, रात्री थोडं गेमिंग, आणि राहायला भांडुपला जुन्या बिल्डिंगमध्ये. दुकानदाराने लिहून दिलंय ते असं: इंटेलचा आय९ १४९००के प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबीच्या चार रॅम, दोन टीबीची जेन-५ (जेन-४ पेक्षा वेगवान पिढीची) एसएसडी, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कुलर, पुढून सगळी काच असलेलं कॅबिनेट, मग नुसतंच "एसएमपीएस ८५० वॅट", म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कंपनीचं नाव नाही, आणि शेवटी ६०० व्हीएचा यूपीएस. मी गिरगावात राहतो, अकरा वर्षं एडिटिंग आणि कलरचं काम करतोय, माझी आणि मित्रांची मिळून बरीच मशीन या हातांनी जोडलीत. माझं मत विचाराल तर ग्राफिक्स कार्ड ठेवा, बाकी जवळपास सगळं बदला, आणि कोटेशन खालून वर वाचायला घ्या. शेवटच्या दोन ओळी दुकानदाराने घाईत खरडल्यात आणि तुमचे साडेचार लाख नेमके त्या दोन ओळींवर उभे आहेत.

का ते सांगतो. आमच्या चाळीतल्या खोलीत मी पहिलं चांगलं मशीन लावलं तेव्हा कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या, आणि पावसाळ्यात अनवाणी उभं राहिलं की जास्तच. सगळे म्हणायचे स्टॅटिक असेल, चालतं. मग एकदा टीव्हीची एचडीएमआय वायर मशीनला लावताना टोकाशी बारीक ठिणगी उडाली आणि टीव्हीचा तो पोर्ट कायमचा गेला, तेव्हा कुठे वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी सॉकेटची प्लेट उघडली तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती, नुसती पितळेची पट्टी आणि चाळीस वर्षांची धूळ. होतं असं की एसएमपीएसमध्ये लाईट जिथून आत येते तिथे फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थच्या वायरीत सोडत असतात, आणि ती वायरच नसली की तो येऊन बसतो बॉडीवर. मल्टिमीटर लावला तर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी असतो म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण पोर्ट, ऑडिओ इंटरफेस, बाहेरची हार्ड डिस्क यांना ते सहन होत नाही.

त्यामुळे दुकानात जायच्या आधी वायरमन बोलवा आणि ज्या सॉकेटवर मशीन लागणार तिथे मोजून घ्या. फेज आणि अर्थच्या मध्ये २३० च्या आसपास आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर आधी अर्थिंग करून घ्या, आणि शक्यतो एसीच्या लाईनवरून मशीनला सप्लाय घेऊ नका.

आता एसएमपीएस. हिशोब साधा आहे, ५०८० कार्डाचं रेटिंग ३६० वॅटचं, प्रोसेसर जोरात चालला की २३० ते २५० खातो, बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून आणखी सत्तर-ऐंशी, म्हणजे ब्लेंडरचा रेंडर लागला की सातशेच्या आसपास. एनव्हिडिया स्वतः ५०८० साठी ८५० वॅट सांगते, तेव्हा आकडा चुकीचा नाही, पण ८५० हे लेबलवर कोणीही छापू शकतं. तुम्ही नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), एटीएक्स ३.१ (सप्लायचं नवं स्टँडर्ड) लिहिलेला हजार वॅटचा घ्या. एटीएक्स ३ पासून पुढच्या स्टँडर्डमध्ये सप्लायने स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट लोडचा झटका १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे अशी अट आहे, आणि आजची कार्डं असे झटके मारतात, मशीन मधेच फटकन बंद होतं ते बऱ्याचदा याच्यामुळे. शिवाय कार्डाला लागणारी सोळा पिनची केबल त्या एसएमपीएसची स्वतःचीच येते, अडॅप्टर जोडत बसावं लागत नाही. ती केबल बसवताना मात्र स्वतः डोळ्यांनी बघा, टॉर्च मारून, कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे आणि मध्ये फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून निदान साडेतीन सेंटिमीटर सरळ राहून मग वळली पाहिजे. २०२२ च्या शेवटी ४०९० आलं तेव्हा कनेक्टर वितळल्याचे जे फोटो फिरले त्यात अर्धवट बसलेला कनेक्टर हे एक मोठं कारण निघालं होतं. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर ते कॅबिनेट नको.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचं नुसतं कार्डच तेवढं घेतं! रेंडर चालू असताना लाईट गेली की हा यूपीएस ओव्हरलोड होऊन त्याच क्षणी बंद पडणार, म्हणजे असून नसल्यासारखाच. १५०० व्हीए, नऊशे वॅट, लाईन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरणारा) आणि प्युअर साईन वेव्ह (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा) असा बघा, हा शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे कारण चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्तातल्या यूपीएसची चौकोनी वेव्ह त्यातल्या काहींना मानवत नाही, बॅटरीवर गेलं की मशीन रिस्टार्ट. बॅकअप पाच मिनिटं मिळाला तरी बास, प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करायचं, तेवढ्यासाठीच तो आहे.

प्रोसेसरकडे येऊ. १४९००के नको असं मी स्पष्ट सांगेन. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या वरच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन चिप हळूहळू खराब व्हायचा प्रॉब्लेम निघाला होता, ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचा) अपडेट आला, कंपनीने वॉरंटीही दोन वर्षं वाढवली, तेव्हा अपडेट केलेल्या बोर्डावर तो चालेल, पण त्याच्या सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे रस्ताच नाही, उद्या प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स घ्या, सोळा कोअर, एएम५ सॉकेट, आणि एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. गेमिंग खरंच जास्त असेल तर ९९५०एक्स३डी, नुसतंच गेमिंग असतं तर आठ कोअरचा ९८००एक्स३डी पुरला असता, पण तुमची रोजीरोटी एडिटिंगवर आहे.

दुकानदार तुम्हाला म्हणेल एडिटिंगला इंटेलच लागतो, क्विक सिंकसाठी, म्हणजे इंटेलमधला व्हिडिओ उलगडणारा भाग. त्याचं म्हणणं एकेकाळी बरोबर होतं, आणि कशामुळे बरोबर होतं ते तुम्हाला कळलं पाहिजे कारण सगळं तुमच्या कॅमेऱ्याच्या फाईलवर अवलंबून आहे. सोनीवर तुम्ही बहुतेक १०-बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ (जास्त रंगमाहिती, पण खूप दाबून बसवलेली फाईल) शूट करत असणार. ही फाईल उलगडायला भयंकर जड, आणि एनव्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतची कार्डं तिला हार्डवेअरमध्ये हातच लावायची नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर, म्हणून लाख-दीड लाखाचं कार्ड असूनही टाइमलाईन अडखळायची आणि शेजारी इंटेलचा साधा लॅपटॉप तीच फाईल सरसर चालवायचा. ५० सिरीजमध्ये हे ४:२:२ डिकोडिंग कार्डातच आलं. म्हणून मी म्हटलं ५०८० ठेवा, आणि म्हणूनच कोणी तुम्हाला जुनं ४०९० "त्यापेक्षा भारी" म्हणून देऊ केलं तर त्याची २४ जीबी मेमरी बघून भुलू नका. फक्त रिझॉल्व्हचं स्टुडिओ व्हर्जन, पैसे भरून घेतलेलं, असायला हवं, फुकटवाल्यात विंडोजवर ही मदत मिळत नाही. बजेट कमी पडलं तर ५०७० टीआय बघा, त्यातही ५०८० सारखी मेमरी १६ जीबीच आहे. ५०९० ची ३२ जीबी ब्लेंडरला मोठे सीन असतील तर सोन्यासारखी, पण ते कार्ड एकटं ५७५ वॅटचं आहे, मग एसएमपीएस, यूपीएस, एसी सगळंच वर सरकतं. अधूनमधून ब्लेंडरसाठी एवढं करू नका.

रॅमच्या बाबतीत चार काड्या बघून बरं वाटतं, पण एएम५ वर चार लावल्या की स्पीड पडतो, एएमडीचा अधिकृत आकडा दोन काड्यांना ५६०० आणि चारला ३६००. ४८ च्या दोन घ्या, ९६ जीबी, ६००० स्पीड, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाचा आकडा, कमी तितका बरा), आणि बोर्डात एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू करा. पहिल्यांदा मशीन चालू केलं की काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, बोर्ड रॅमला ट्रेन करत असतो, घाबरून स्विच बंद करू नका. २०२५ च्या शेवटापासून रॅम खूप महागलीय, एआयवाले सगळी मेमरी उचलतायत, तेव्हा ६४ वर थांबावं लागलं तरी दोनच काड्यांत घ्या.

एसएसडीला जेन-५ ची काहीच गरज नाही. तुमच्या कॅमेऱ्याची फाईल समजा २०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, दोन कॅमेरे एकदम चालवले तरी ५०, आणि जेन-४ ची डिस्क सेकंदाला सात हजार मेगाबाइट वाचते. त्या पैशात जेन-४ च्या दोन घ्या, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरला, एक फुटेज आणि कॅशला, टीएलसी (जास्त टिकणारी मेमरी) आणि डीरॅम (डिस्कची स्वतःची कॅश चिप) असलेल्या. लग्नाचं फुटेज परत शूट होत नाही, तेव्हा दोन वेगवेगळ्या साध्या हार्ड डिस्कवर कॉपी हवीच. बोर्ड बी८५० चिपसेटचा चांगला घेतलात तरी पुरे, फक्त मॅन्युअल उघडून बघा कुठल्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडीच्या खाचेत) डिस्क लावली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन (डेटाच्या वाटा) अर्ध्या होतात, तो स्लॉट रिकामा ठेवा.

आता हवा. हे सगळं मशीन सातशे वॅट घेतं म्हणजे तुमच्या खोलीत सातशे वॅटचा हीटर लागलाय, एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला पाचवा हिस्सा एकट्या मशीनला गेला. मे महिन्यात हे जाणवतं. म्हणून ९९५०एक्स ला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी वीज खाणारा मोड, लावून १०५ वॅटवर चालवा, रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल पण खोली आणि पंख्याचा आवाज दोन्ही सुसह्य. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं आणि जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर, आत येणारे पंखे बाहेर जाणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टरवर अडकते. माझ्या घराखालून बसेस जातात, दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढला की काळा वेलवेटसारखा थर निघतो. काचेच्या कॅबिनेटमध्ये हा थर थेट कार्डाच्या पंखांत जाऊन बसतो. लिक्विड कुलर वाईट नाही पण पंप हा आणखी एक फिरणारा पार्ट आहे, इको मोडवर दोन टॉवरचा मोठा एअर कुलर आरामात पुरतो आणि त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा. पावसाळ्यात मशीन खिडकीपासून लांब, जमिनीपासून वर, आणि काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा, आतलं बोर्ड कोमट राहिलं की ओल धरत नाही. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून उपयोग नाही, पंख्याने सतत नवी हवा येत राहते.

खरेदी लॅमिंग्टन रोडलाच करा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत, पण कोटेशन तीन-चार दुकानांतून घ्या आणि प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. जो लिहून देत नाही तिथून निघा. बिल जीएसटीचं, १८ टक्के, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर. मी एकदा थोडे पैसे वाचवायला एका दुकानातून सिरियल नंबर नसलेल्या बिलावर कार्ड घेतलं, सात महिन्यांत डिस्प्ले जायला लागला, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, हे युनिट भारतात विकायला आलेलंच नव्हतं. तिची काहीच चूक नव्हती, आणि दुकानदार म्हणाला बिलावर तोच नंबर आहे हे दाखवा. तेव्हा पैसे देण्याआधी खोक्यावरचा, पार्टवरचा आणि बिलावरचा नंबर जुळवा, कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. तुमचा धंदा जीएसटीत रजिस्टर असेल तर बिल धंद्याच्या नावाने घ्या, क्रेडिट मिळतं.

असेंबल दुकानातच करून घेतलंत तर तिथेच तासभर ब्लेंडरचा रेंडर लावायला सांगा, तुमचं स्वतःचं फुटेज पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि टाइमलाईनवर चालवून बघा. मॉनिटरचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत, जुना असेल तर यूपीएस आणि एसएमपीएसनंतरचे पैसे त्याच्याकडे जाऊ द्या. आणि वायरमनने मोजल्यावर न्यूट्रल-अर्थचा आकडा काय आला तो खाली लिहा, बोर्डाचं आणि एसएमपीएसचं नक्की मॉडेल त्यानंतर बघू.