'दर्पण'च्या आधीचा पेपर

प्रश्न : माझे वडील प्रेसमध्ये कंपोझिंग करायचे, सगळं हाताने, धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून. परवा सहा जानेवारीला टीव्हीवर 'दर्पण'बद्दल चाललेलं, तर म्हणाले तिकडे अमेरिकेतल्या आदिवासींनी पण त्याच सुमारास स्वतःच्या भाषेत पेपर काढलेला. खरंय का? आणि ती अक्षरं जुळवली कोणी?
- एक वाचक, सांगली

उत्तर : बाबा बरोबर बोलतायत, उलट तो पेपर 'दर्पण'च्या चार वर्षं आधीचा. 'चेरोकी फीनिक्स', पहिला अंक २१ फेब्रुवारी १८२८, गाव न्यू एकोटा, म्हणजे अमेरिकेतल्या आजच्या जॉर्जिया राज्यात. संपादक इलायस बुडिनॉट, स्वतः चेरोकी जमातीचा. आणि गंमत म्हणजे 'दर्पण'सारखाच दोन भाषांत, इंग्रजी आणि चेरोकी.

चेरोकी लिपी बनवली सिक्वोयाने, चांदीकाम करणारा माणूस, इंग्रजी अजिबात वाचता येत नव्हतं, तरी १८२१ पर्यंत ८६ चिन्हं तयार. आपल्या बाराखडीसारखं एक चिन्ह एक उच्चार, पण काना-मात्रा नाहीच, त्यामुळे ला, ली, ले तिन्ही एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी दिसतात. त्यातून काही आकार इंग्रजीसारखे, डब्ल्यू दिसतो तो वाचायचा 'ला', आर दिसतो तो 'ए'!

आता बाबांचा मुद्दा. खिळे बॉस्टनला ओतून घेतले, ते आले, प्रेस आलं आणि मग कळलं की कागदच नाहीये :) तो नॉक्सव्हिलहून आणावा लागला. छापणारे दोघे गोरे, हॅरिस आणि व्हीलर. इंग्रजीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, पुरेना म्हणून शंभरावर खणांची वेगळी केस केली. व्हीलर ती अक्षरं शिकला आणि पुढे बुडिनॉटच्या बहिणीशी लग्नही केलं त्याने.

पुढचं वाईट आहे. जॉर्जियाला चेरोकींची जमीन हवी होती, पेपर त्याविरुद्ध लिहायचा. मग जमीन सोडून जायचं की राहायचं यावर चेरोकींमध्येच फूट पडली, जावंच लागणार म्हणणाऱ्यांची बाजू छापू देईनात म्हणून १८३२ ला बुडिनॉटने राजीनामा दिला, १८३४ ला पेपर बंद, आणि पुढच्या वर्षी जॉर्जियाचे शिपाई प्रेसच उचलून घेऊन गेले. त्याच नावाचा पेपर आता ओक्लाहोमातून निघतो, बराचसा इंग्रजीत.

१९५४ ला न्यू एकोटात खोदकाम झालं तेव्हा मातीत चेरोकी खिळे सापडले. बाबांना एक विचारा ना, त्यांची देवनागरीची केस किती खणांची होती? नक्की कळवा.