अमेरिकेत राज्य सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ॲमट्रॅक (केंद्राची प्रवासी रेल्वे कंपनी) गाड्यांचं कोण ठरवतं? राज्याने पैसे बंद केले तर काय होतं?

पैसे बंद केले तर गाडी बंद होते, दुसरं काय. मी इंडियानात लाफायेटला राहून हे बघितलंय, म्हणून लिहितोय.

नियम आधी उरकतो. 2008 च्या केंद्राच्या कायद्याने ठरवलं की बॉस्टन-वॉशिंग्टन मार्ग सोडून 750 मैलांपर्यंतच्या ॲमट्रॅकच्या गाड्या राज्यांनी पोसायच्या, ऑक्टोबर 2013 पासून ते लागू झालं. तिकिटातून जे निघत नाही ते राज्य भरतं, वर डब्या-इंजिनांच्या खर्चातला वाटा. बदल्यात फेऱ्या किती, थांबे कुठले यात राज्याच्या परिवहन खात्याचा शब्द चालतो. गाडी चालवते ॲमट्रॅक, आणि रूळ बहुतेक ठिकाणी मालगाडीवाल्या कंपनीचे. तीन मालक, आता बोला.

मी लाफायेटजवळच्या पर्ड्यू विद्यापीठात होतो तेव्हा शिकागो-इंडियानापोलिस हूझियर स्टेट नावाची गाडी होती, आठवड्यात चार दिवस ती आणि उरलेले तीन दिवस न्यूयॉर्कची कार्डिनल. 196 मैलांना पाच तास! आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा इंडियानापोलिसचे माझे दाजी म्हणाले मी व्हॅन घेऊन शिकागोच्या ओहेअर विमानतळावर येतो, तीन तासांत घरी. पण आईला गाडी लागते, कसाऱ्याला एसटीत उलट्या होतात म्हणून जन्मभर पंचवटीनेच मुंबईला गेलेली बाई, ती म्हणाली ट्रेन आहे ना, मग ट्रेनच. मग काय, शिकागोच्या युनियन स्टेशनवरून संध्याकाळची गाडी धरली. मध्येच मक्याच्या शेतात गाडी उभी, मालगाडी जाऊ द्यायची होती. कायद्याने पहिला मान प्रवासी गाडीचा, पण कायदा वॉशिंग्टनला आणि सिग्नल दुसऱ्याच्या हातात. आई मस्त झोपली होती. लाफायेटला उतरलो तर दाजी थंडीत कुडकुडत उभे, आणि सामान उचलायच्या आधी पहिलं वाक्य, "ह्याच्यासाठी आम्ही टॅक्स भरतो का?"

तेव्हापासून दर दिवाळीला फराळाबरोबर हाच वाद. 2019 च्या बजेटमध्ये राज्याने या गाडीला पैसे ठेवले नाहीत, 30 जूनला शेवटची फेरी झाली आणि दाजींनी फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली, खाली हसरा इमोजी. लाफायेट, वेस्ट लाफायेटच्या नगरपालिका आधीची काही वर्षं स्वतःच्या खिशातून वाटा देत होत्या, ते गेलं. कार्डिनल वाचली, कारण तिचा मार्ग 750 मैलांच्या वर, म्हणजे तिचा खर्च केंद्राकडे. तीन दिवस गाडी, चार दिवस ठणठण.

आता दाजींचा मुद्दा घ्या, "तोटा आहे, कोणी बसत नाही". मग शेजारच्या इलिनॉय राज्यातलं शँपेन शहर बघा. तिथेही मोठं विद्यापीठ, तिथूनही शिकागो साधारण तेवढंच लांब, पण तिथे राज्याच्या पैशावर इलिनी आणि सलुकी अशा दोन गाड्या, शिवाय न्यू ऑर्लिन्सची गाडी वेगळी. 2006 मध्ये इलिनॉयने फेऱ्या वाढवल्या. आमचे मित्र सकाळी जाऊन रात्री परत यायचे. फरक विद्यार्थ्यांत नाही, राज्याच्या बजेटमध्ये आहे. गाडी मरणार नाही एवढेच पैसे द्यायचे, उपयोगी पडेल एवढे द्यायचे नाहीत, आणि वर म्हणायचं लोक येत नाहीत.

आणि दाजी, तुमचा शिकागोकडे जाणारा आय-65 हायवे काय स्वतःच्या पायावर उभा आहे? पेट्रोलवरचा केंद्राचा टॅक्स 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवर अडकलाय, 2008 पासून हायवे फंडात सरकारी तिजोरीतून पैसे ओतावे लागतात. त्याला कोणी तोटा म्हणत नाही.

हां, हेही सांगतो, आमच्या गाडीत माणसं खरंच कमी असायची, बस स्वस्त होती आणि लवकर पोचवायची. इलिनॉयचंही फुकटात झालेलं नाही, शिकागो-सेंट लुईस 110 मैल वेगाला आणायला दोन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाले, बहुतेक केंद्राचे, आणि ते वेळापत्रकात उतरायला 2023 उजाडलं. सगळ्या राज्यांत सारखं चालतं असंही नाही, नॉर्थ कॅरोलिनाचे स्वतःचे डबे आहेत, कॅलिफोर्नियात कॅपिटल कॉरिडॉर नावाच्या गाडीसाठी वेगळं मंडळ आहे.

गंमत बघा, डिसेंबर 2023 मध्ये नवे रेल्वेमार्ग आखायच्या केंद्राच्या कॉरिडॉर योजनेत इंडियानापोलिस-शिकागोचं नाव आलं, अर्ज कोणाचा तर इंडियानाच्याच परिवहन खात्याचा. अभ्यासाच्या पहिल्या टप्प्याला पाच लाख डॉलरपर्यंत मिळतात. जी गाडी बंद केली तीच परत कशी आणायची याचा अभ्यास! बातमी मी ग्रुपवर टाकली, दाजींनी वाचली, निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही.

तुम्हाला तुमच्या गावात गाडी हवी असेल तर ॲमट्रॅकला मेल पाठवत बसू नका. राज्याच्या आमदाराला गाठा, तेही बजेटच्या आधी, इंडियानात ते दोन वर्षांतून एकदाच होतं, विषम सालात. आणि गावच्या नगरपालिकेला आधी सोबत घ्या.