वाचनालयात अभ्यास घ्यायला बसणाऱ्या विद्यार्थिनीस

कोल्हापूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात रोज संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यास घेण्याचे काम तू पत्करलेस, हे वाचून समाधान वाटले. मानधन फार थोडे आहे ही तुझी तक्रार रास्त आहे, आणि त्याबाबत तुझी समजूत घालण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मात्र "वर्गावर शिकवण्यापेक्षा हे सोपे असावे" असे जे तू लिहिले आहेस, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

वर्गात आज काय शिकवायचे हे शिक्षक ठरवतात. वाचनालयात आपली अडचण विद्यार्थी स्वतः घेऊन येतो आणि बहुतेक वेळा तिचे नाव चुकीचे सांगतो. उदाहरणच द्यायचे तर, एखादा मुलगा येतो आणि "मला शेकडेवारी येत नाही" म्हणतो. पाचशे रुपयांच्या वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी कमी केली आणि नंतर तीच २० टक्क्यांनी वाढवली, तर आता किंमत किती, असे त्याला विचारून पाहा. तो बेधडक ५०० म्हणेल. अशा वेळी ४८० हे उत्तर सांगून खाली सूत्र लिहून देण्याचा मोह फार होतो, कारण त्याने मुलगाही खूश होतो आणि आपणही. पण त्याच्याच वहीत त्याच्याकडून ५०० चे २० टक्के काढून घेतलेस, तर तो १०० हे बरोबर काढतो. उरलेल्या ४०० चे २० टक्के काढायला सांगितलेस, तर ८० हेही बिनचूक काढतो. म्हणजे त्याला शेकडेवारी येते. दुसऱ्या वेळी टक्के कशाचे काढायचे, हे त्याने वाक्यात वाचलेलेच नाही. त्याची अडचण वाचनातली आहे आणि ती तुला उत्तर सांगून कधीच दिसली नसती.

म्हणून विद्यार्थी समोर बसला की निदान पहिली दहा मिनिटे तू बोलू नकोस. प्रश्न त्याला हलक्या आवाजात वाचायला सांग, मग पुस्तक मिटून तोच प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला सांग, आणि कुठे अडखळतो ते ऐक. पेन्सिल सबंध वेळ त्याच्याच हातात राहू दे. हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला नाही. ज्याला विषय चांगला येतो त्याला गप्प बसणे अधिक जड जाते आणि तुला विषय चांगला येतो, हे मला ठाऊक आहे.

भाषेच्या कृतिपत्रिकेचेही असेच असते. उताऱ्यावरची कृती सोडवताना मुले प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकतात आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढतात. काही वेळा गुणही मिळतात, त्यामुळे ही सवय फार चिवट असते. उतारा झाकून "लेखकाचे म्हणणे काय आहे ते मला सांग" एवढे विचारले, तरी उत्तम गुण मिळवणारी मुले गप्प होतात. अशा मुलांना जास्त कृतिपत्रिका देण्यात अर्थ नाही. त्यांना कपाटातून एखादे लहानसे कथेचे पुस्तक काढून दे आणि आठवड्याने त्यातल्या एका कथेविषयी चार वाक्ये बोलायला लाव.

कपाटांचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या कामाचा अर्धा भाग तिथेच आहे असे मी म्हणेन. शिकवणीच्या खोलीत नसते आणि तुझ्या हाताशी असते, ते म्हणजे ही कपाटे. रुजू होण्यापूर्वी दोन-तीन दुपारी जाऊन ती नीट पाहून घे. तिथे पुस्तके दशांश वर्गीकरणाने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक अंक देऊन, लावलेली असतील तर ५१० ला गणित, ९५४ ला भारताचा इतिहास आणि ८९१.४६ ला मराठी साहित्य मिळेल. आपल्याकडच्या अनेक जुन्या वाचनालयांत मात्र पुस्तके कपाटबंद असतात आणि दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतला त्या पुस्तकाचा क्रमांक, लिहून चिठ्ठी द्यावी लागते. तसे असेल तर तालिका पाहून ती चिठ्ठी विद्यार्थ्यालाच लिहू दे. तू स्वतः उठून पुस्तक आणून दिलेस तर पाच मिनिटे वाचतील, पण पुढच्या वेळी तो पुन्हा तुझ्याच तोंडाकडे पाहील. दहावीच्या मुलांनासुद्धा पुस्तकाच्या शेवटची विषयसूची कशी वापरावी हे पुष्कळदा कोणी दाखवलेले नसते. शब्दकोशात 'क्ष' आणि 'ज्ञ' काही ठिकाणी वर्णमालेच्या अखेरीस असतात, तर काही ठिकाणी 'क' आणि 'ज' यांच्या पोटात. हे न कळल्यामुळे "शब्द कोशात नाही" असे सांगत येणारी मुले तुला भेटतील. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड तिथे असतील तर त्यांवरची धूळ तूच आधी पूस. विश्वकोश आता मोबाइलवरही वाचता येतो, त्यामुळे मोबाइल वापरू नका असा नियम करण्याच्या फंदात पडू नकोस. मोबाइलवर जे सापडले ते छापील पुस्तकाशी ताडून पाहा आणि दोन्हींत फरक निघाला तर तो वहीत लिही, इतके सांगितले तरी पुरे आहे.

प्रकल्पाच्या वह्यांचा प्रसंग तुझ्यावर पहिल्या महिन्यातच येईल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात म्हणून पालक स्वतः येऊन "तेवढं तुम्हीच लिहून द्या" असे फार अजिजीने सांगतात. नाही म्हण, आणि लगेच त्या मुलाला तीन पुस्तके शोधायला लाव. पालक दुखावतील, काही जण तुझ्याविषयी ग्रंथपालांकडे तक्रारही करतील. म्हणून ही गोष्ट ग्रंथपालांशी आधीच बोलून ठेवलेली बरी.

ही मुले वाचनालयात का येतात, हे विसरू नकोस. काही घरी बसायला कोपरा नाही म्हणून येतात, काही चंदगड-आजऱ्याकडून शिकायला येऊन वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात. आपल्या गावाला याची जुनी सवय आहे. इथल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, तेही खेड्यातून येणाऱ्या मुलांची शहरात राहण्याची सोय व्हावी म्हणून. आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला, महाराष्ट्राचा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला. ही सालावळ भाषणात सांगितली की टाळ्या पडतात. मला तिचा उपयोग एवढाच वाटतो की शुल्क भरू न शकणारा मुलगा दारात उभा राहिला, तर त्याला आत घेण्यासाठी तू कार्यकारिणीशी निःसंकोच बोलावेस.

बसण्याची जागा विचारपूर्वक निवड. देवघेव विभागातून दिसेल असे टेबल घे. बंद खोली कोणी देऊ केली तरी घेऊ नकोस, मुलांच्या दृष्टीने आणि तुझ्याही दृष्टीने ते योग्य नाही. पालकांना निरोप द्यायचा तर वाचनालयामार्फत दे. इथल्या मुलांना घरी खासगी शिकवणीला मात्र बोलावू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण सकाळपासून बसलेले असतात आणि कुजबुजीनेही त्यांचे लक्ष मोडते. त्यांच्याशी गोडीने राहा. त्यांच्यापैकी एखादा कंटाळून तुझ्या टेबलाशी येईल आणि आठवीच्या मुलीला अपूर्णांक समजावून सांगू लागेल. त्याला खुशाल सांगू दे, फक्त पेन्सिलीचा नियम त्यालाही लागू कर.

एक नोंदवही ठेव. तारीख, मुलाचे नाव, कोणता प्रश्न घेऊन आला, खरी अडचण काय निघाली आणि पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच तीत लिही. स्वभावाविषयी शेरे लिहू नकोस, कारण ती वही टेबलावर उघडी राहते आणि मुले ती वाचतात. या वहीचा खरा उपयोग पावसाळ्यात कळतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला पोहोचली की चिखली-आंबेवाडीकडच्या मुलांचे येणे अनिश्चित होते आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की बरीच कुटुंबे स्थलांतर करतात. पूर ओसरून ती मुले परत येतात तेव्हा कुठे थांबलो होतो हे त्यांना आठवत नसते. ते तुला सांगता आले पाहिजे. जुलै लागला की अशा मुलांना पंधरा दिवसांचा अभ्यास कागदावर लिहून दे, आणि त्यांच्याकडे वाचनालयाची पुस्तके असतील तर पाणी चढण्याआधी ती जमा करून घे. भिजलेल्या पुस्तकाचा दंड भरावा लागेल या धास्तीने मुलगा वाचनालयात यायचेच बंद करतो, हे मी पाहिलेले आहे.

फेब्रुवारीत गर्दी होईल. वर्षभर न फिरकलेली मुले तेव्हा सगळा अभ्यासक्रम घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नकोस, पण नियमित येणाऱ्यांचा वेळही त्यांना देऊ नकोस. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक वार वेगळा काढ आणि तो फलकावर लिहून लाव.

माझ्याकडे मराठी शब्दकोशाची एक जादा प्रत आहे, ती पाठवतो. तुझ्या टेबलावर तशीच ठेवू नकोस. ग्रंथपालांकडे देऊन ती देणगी म्हणून रीतसर दाखल करून घे आणि क्रमांक पडल्यावरच वापरायला काढ.

कळावे.

तुझे सर